रकान्यात काय लिहायचं

ओपेलुसा, लुइझियाना
५ मे १९७८

चि. लिअँडर यास ओडीलताईचे अ. उ. आशीर्वाद.

फोन करणार होते, पण मी चिडले की तुझी लाईन हमखास खराब होते. म्हणून कागद घेतला.

बुधवारी दुपारी तुमच्या फुटबॉल क्लबाचा फोन आला, तेव्हा माझ्या अंगणात पन्नास माणसं होती. कॉलेजच्या पोरांच्या निवडीत नवव्या फेरीत का होईना, आपल्या क्लोव्हिसला घेतलं! दोन पोती क्रॉफिश उकडले. फादर गिदरी बिअरचा ग्लास डोक्यावर ठेवून नाचले; रविवारी विचारलं तर नाही म्हणतील. मी येईल त्याला सांगत होते, की क्लबाचा स्काउट माझा सख्खा भाऊ, गावोगावची पोरं हेरतो, माझ्या नातवाचं नाव त्यानेच वर नेलं.

काल पेपर आला. क्लोव्हिस फ्युझिलिए, आणि पुढे काय, तर झेलणारा. मला वाटलं छापखान्याची चूक. छत्री घेऊन पेपरच्या कचेरीत गेले आणि काउंटरवरच्या बाईला झापलं. तिने निमूटपणे क्लबाकडून आलेली यादी पुढे केली. तिच्यातही झेलणारा.

अरे, चार वर्षं हा मुलगा कॉलेजचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात, डाव त्याच्या डोक्यात, बाकीचे दहा जण त्याच्या आवाजावर हलायचे. तो फेकायचा, दुसरे पळत जाऊन झेलायचे. आता याने पळायचं आणि कुणा गोऱ्याने फेकलेलं झेलायचं? क्लोव्हिसने पेपरची घडी करून खिशात ठेवली. पंधरवड्यात नव्या पोरांचं शिबिर आहे. त्याआधी साहेबांना गाठ आणि यादी दुरुस्त करून घे. चूक कुणाची ते मला कळव. त्या माणसाला मी वेगळं पत्र लिहिणार आहे.

कंबर दुखते. बाकी सगळे मजेत. लोभ आहेच, काम झालं की वाढेल.

तुझी ताई
ओडील


जॅक्सन, मिसिसिपी
१० मे १९७८

ति. ताईस लिअँडरचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. पाकीट हातात घेतलं तेव्हाच गरम लागलं.

परवा येताना मुद्दाम मिस आर्सेनोच्या शाळेवरून गाडी घातली. छप्पर गेलंय, फळ्याची भिंत तेवढी उभी आहे. गवतात उभा राहून नदीची ती कविता मोठ्याने म्हटली आणि तिसऱ्या कडव्याला अडलो. आठवतं ना, मी अडलो की मागच्या बाकावरून तू पाठीत पेन्सिल टोचायचीस आणि पुढची ओळ पुटपुटायचीस? परवा कुणी टोचलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी माणूस अडला की अडलाच.

यादीचं म्हणशील, तर क्लबात असं होतं. एका खोलीत भिंतभर कार्डं लावलेली असतात, मैदानावरच्या प्रत्येक जागेची वेगळी रांग. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत सगळ्यांचे डोळे तारवटलेले. कुणाचं कार्ड कुठल्या रांगेत गेलं, कोण बघतो? शिवाय आमचा मुख्य, प्रिचेट. काळ्या पोराचे पाय बघतो आणि गोऱ्या पोराचं डोकं बघतो. सोळा वर्षं त्याच्या हाताखाली मी आपल्या काळ्या मुलांच्या कॉलेजांतून गाडी हाकतोय. तुझ्याइतकीच चीड मलाही येते. बोलून बघतो. तू मात्र कुणाला पत्र लिहू नकोस.

क्लोव्हिसला म्हणावं, पाणी भरपूर पी. राग आवर, लोभ आवरू नकोस.

तुझा
लिअँडर


ओपेलुसा
२३ मे १९७८

लिअँडर,

आशीर्वाद आज शिल्लक नाहीत.

क्लोव्हिस शिबिराहून परत आला. त्याने तिथल्या मास्तरांना सांगितलं, की साहेब, माझी जागा चुकली आहे, मी क्वार्टरबॅक आहे. ते हसले. वाईट हसले नाहीत, म्हणतो. खांद्यावर हात ठेवून म्हणाले की बाळा, तुझ्या घरच्याच माणसाने लिहिलंय, आम्ही कोण बदलणार? आणि पोराला बरं वाटावं म्हणून तुझा अहवाल त्याला वाचून दाखवला. पाय पहिल्या प्रतीचे. हात मऊ, झेलायला उत्तम. स्वभाव शांत. आणि जागेच्या रकान्यात झेलणारा. खाली तुझी सही. त्याच्या फेकीबद्दल एक ओळ नाही. एक शब्द नाही! चार वर्षं त्याचा प्रत्येक सामना बघायला येत होतास, माझ्या हातचा भेंडीचा गम्बो ओरपत होतास, आणि पोराची फेक तुला दिसली नाही?

जेवताना मान खाली घालून त्याने हे सांगितलं आणि भेंडी बाजूला काढत बसला. लहानपणी काढायचा तशी.

कार्ड चुकीच्या रांगेत गेलं म्हणे. डोळे तारवटले म्हणे. आणि वर मला मिस आर्सेनोची शाळा दाखवतोस! खोटं बोलायचं असलं की तुला कविता आठवतात, हे मला तू सात वर्षांचा होतास तेव्हापासून माहीत आहे.

का लिहिलंस, ते सांग. एवढंच हवं आहे. लोभाचं नंतर बघू.

ओडील


मॉन्टगमरी, अलाबामा
१ जून १९७८

ति. ताईस शि. सा. नमस्कार.

हो, मीच लिहिलं. ऐक आता, आणि मध्ये बोलू नकोस.

अडुसष्ट साली मी हॉलिस आर्डुआं नावाचा पोरगा हेरला होता. असा हात मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. चेंडू त्याच्या बोटांतून सुटायचा तो सूर धरूनच. मी दोन पानं भरून लिहिलं आणि रकान्यात, अभिमानाने, क्वार्टरबॅक. सतरा फेऱ्या झाल्या ताई. सतरा. दोन दिवस मी त्या खोलीत बसून त्याचं कार्ड बघत होतो. त्याच्या वरची गेली, खालची गेली, गुडघा मोडलेला एक गोरा पोरगा गेला, हॉलिसचं कार्ड भिंतीवरच. शेवटी झाडूवाला आला आणि उरलेली कार्डं गोळा करायला लागला. मी प्रिचेटला विचारलं तेव्हा तो कोट घालत म्हणाला, की लिअँडर, पोरगा चांगलाच आहे रे, पण त्याला कुठल्या जागेवर ठेवू तेच तू लिहिलं नाहीस. लिहिलं होतं! त्याच्या नाकासमोर!

हॉलिस आज क्राउलीच्या भातगिरणीत पोती उचलतो. मला बघितलं की हात हलवतो, त्याच हाताने.

त्यानंतर मी शहाणा झालो. आपल्यातला क्वार्टरबॅक दिसला की रकान्यात झेलणारा लिहायचं आणि फेकीबद्दल गप्प बसायचं. अकरा पोरं आत गेली, ताई. अकरा आयांनी घरं बांधली. पुढच्या दाराने घेत नव्हते, मी मागच्या दाराने घुसवली. क्लोव्हिस बारावा. याच्या पलीकडे मी काय करायला हवं होतं? रोज प्रिचेटची मान पकडावी असं वाटतं, आणि रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणतो. तू एका पेपरवर चिडलीस. मी दहा वर्षं चिडलेलो आहे, फक्त सुवाच्य अक्षरात.

लोभ मागत नाही.

लिअँडर


ओपेलुसा
९ जून १९७८

चि. लिअँडर यास आशीर्वाद.

वाचलं. दोनदा वाचलं. हॉलिससाठी रडले.

तरीही खोटं ते खोटं. त्या अकरांपैकी कुणाला विचारलं होतंस? जुलैत मोठं शिबिर आहे, क्लोव्हिस धरून यंदा घेतलेल्या बारा पोरांचे अहवाल तूच लिहिणार आहेस. या वेळी रकान्यात खरं लिही. नाही लिहिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस, माझ्या अंत्यविधीलाही नको. त्यासाठी नवी टोपी घेऊन ठेवली असशील तर परत कर.

ओडील


ओहायो, शिबिरातून
४ ऑगस्ट १९७८

ति. ताईस शि. सा. नमस्कार.

लिहिलं.

तीन आठवडे कट्ट्यावर बसून बारा पोरं बघितली. क्लोव्हिस माझ्याशी बोलत नाही. जेवणाच्या रांगेत समोर आला तर ट्रेकडे बघतो. सकाळी झेलतो, आणि संध्याकाळी सगळे गेले की एकटाच फेकतो. वाऱ्याविरुद्ध साठ यार्ड! मी घड्याळ खिशात ठेवलं आणि नुसता बघत राहिलो. मग खोलीवर जाऊन लिहिलं. फेकीबद्दल सव्वा पान. जागा, क्वार्टरबॅक. दुसरी जागा, नाही. सोळा वर्षांत इतकं ठसठशीत अक्षर आलं नव्हतं.

प्रिचेटने ते नाश्त्याच्या टेबलावर वाचलं, चमचा तोंडात ठेवून. मग म्हणाला की तुझ्या नजरेवर माझा विश्वास आहे. तू म्हणतोस हा झेलणारा नाही, तर नाही. आणि क्वार्टरबॅक माझ्याकडे तीन आहेत. त्याने आणखी दोन अंडी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाच्या माणसाने क्लोव्हिसचं दार वाजवलं आणि सांगितलं की साहेबांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. इथे वही परत मागितली म्हणजे संघातून काढलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो बॅग घेऊन माझ्यासमोरून गेला. मी उठून उभा राहिलो. त्याने बघितलं नाही.

झालं तुझ्या मनासारखं? खरं लिहिलं. आता तूच त्याला बसमधून उतरवून घे.

लिअँडर


कॅनडा
२८ ऑगस्ट १९७८

ति. आजीस आणि मामाआजोबांस सा. न.

दोघांना मिळून एकच पत्र. एकमेकांना दाखवा, म्हणजे मला दोनदा चिडावं लागणार नाही.

मी घरी आलो नाही, थेट इथे आलो. इथल्या एका संघाने घेतलं. पैसे तिकडच्या निम्म्याहून कमी.

शिबिरात मी काय करत होतो, ते तुम्हा दोघांपैकी कुणाला माहीत होतं? दिवसा झेलत होतो, कारण राहायचं होतं. संध्याकाळी फेकत होतो, कारण क्वार्टरबॅकचे मास्तर त्या वेळी गाडीकडे जातात. पहिल्या आठवड्यात ते थांबले नाहीत. दुसऱ्यात थांबले. तिसऱ्यात त्यांनी बॅग खाली ठेवली आणि कोपर जरा वर घे म्हणाले. मला एक वर्ष हवं होतं. एक वर्ष झेललं असतं आणि पुढच्या वर्षी तोंडाने मागितलं असतं. माझं मी ठरवलं होतं. मग मामाआजोबांचं सव्वा पान आलं.

मामाआजोबा, आधी तुम्ही मला न विचारता झेलणारा केलंत. मग आजीने तुमचा कान धरला, आणि तुम्ही मला न विचारता क्वार्टरबॅक केलंत. भांडण तुम्हा बहीणभावांचं, वही माझी गेली. मी काही मिस आर्सेनोची कविता नाही, की एकाने म्हणायची आणि दुसऱ्याने मागून सुधारायची. एकदा गाडीत बसवून विचारायचं होतं, क्लोव्हिस, काय लिहू? पाच मिनिटांचं काम होतं.

इथलं मैदान आपल्यापेक्षा लांब आणि रुंद आहे. माझा हात पुरतो. आजी, औषध वेळेवर घे. मामाआजोबा, तुम्हाला काय सांगावं सुचत नाही.

क्लोव्हिस


सेल्मा, अलाबामा
२२ ऑक्टोबर १९७८

ति. ताईस शि. सा. नमस्कार.

अडीच महिन्यांनी तुझं उत्तर आलं, आणि त्यात फक्त शिव्या होत्या, तरी बरं वाटलं. क्लोव्हिसने तुला फोटो पाठवला, मला नाही, ते योग्यच आहे. फेकताना हात वर आहे असं लिहिलंस. कोपर खांद्याच्या किती वर, ते पट्टी लावून कळव.

आज थेरॉन बिग्ज नावाचा पोरगा पाहिला. क्वार्टरबॅक. मनगट असं, की चेंडू सुटल्याचा आवाज कट्ट्यापर्यंत येतो. सराव संपल्यावर त्याला गाडीत बसवलं. फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. हॉलिस, ती अकरा पोरं, क्लोव्हिस. काही लपवलं नाही. मग विचारलं, थेरॉन, रकान्यात काय लिहू? मला खात्री होती तो काय म्हणणार याची. आयुष्यभर वाचलेल्या कवितांत अशा वेळी पोरगा एकच उत्तर देतो.

त्याने विचारलं, अकरांपैकी आज किती जण खेळतायत. मी म्हणालो, सात. त्याने विचारलं, हॉलिसला गिरणीत किती मिळतं. मला माहीत नव्हतं. मग तो फॉर्म माझ्या मांडीवर सरकवत म्हणाला, की आजोबा, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त ते माझ्या तोंडून हवं आहे, म्हणजे दोष तुमच्या अंगावर राहणार नाही. घ्या तर. झेलणारा लिहा.

मला इतका राग आला ताई, की मी गाडीतून उतरलो. त्याच्यावर, प्रिचेटवर, त्या भिंतीवर, तुझ्यावरसुद्धा. त्याने दुसरं उत्तर द्यायला हवं होतं. पण दोन्ही उत्तरांची किंमत मी त्याला आत्ताच मोजून दाखवली होती, मग राग कसला? परत आत बसलो. पेन काढलं. त्याने सांगितलं तेच लिहिलं. तो फॉर्मवर वाकून वाचत होता. मी स्वभावाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं, अजून दुखतंय. म्हणाला, तिथे शांत लिहा. चिडक्या काळ्या पोराला कुणी घेत नाही.

मी शांत लिहिलं. लिहून होईपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही.

लोभ नसला तरी चालेल ताई. राग मात्र असू दे.

तुझा
लिअँडर