निळं पिंप

मुरबे

प्रिय भाग्येश,

फोन करणार होते, पण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणून मला वाटेला लावतोस. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात खोदकामात गावाची पाइपलाइन फुटली. मी सासरहून, दातिवऱ्याहून, आईला भेटायला आले होते, ती इथेच अडकले. सगळी आळी हंडे घेऊन वणवण करत होती आणि आई निवांत. "अडीनडीचं पाणी आमच्याकडं हाय, माझ्या लेकानं सोय केली हाय," असं दारोदार सांगत होती. ही सोय म्हणजे तू दिवाळीत टेम्पोने धाडलेलं निळं पिंप. ओटीवर पाटावर बसवलंय, वर हळदकुंकू लावलंय. मी झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावून मागे सरले. कारखान्यांच्या नाल्यावरून जाताना येतो ना, तोच वास.

भाग्येश, त्यावरचं लेबल कुणी खरवडलं? कोपऱ्यात धोक्याच्या खुणेच्या लाल चौकटीचा तुकडा अजून चिकटलेला आहे. पिण्याच्या कामाच्या पिंपाचं लेबल कुणाला खरवडावं लागत नाही. बोईसरच्या भंगारवाल्याकडून आणलंस की कंपनीतून उचललंस, ते मला ऐकायचंही नाही. धुतलं असशील, माहीत आहे. पण प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन साबणाने जात नाही, हे रसायनांच्या कंपनीतच नोकरी करणाऱ्याला मी सांगायचं? आपण बोटवाल्यांची पोरं. डिझेलचं पिंप आणि पाण्याचं पिंप बाबांनी कधी एकमेकांच्या जागीसुद्धा ठेवू दिलं नाही. लहानपणी तू डिझेलच्या रिकाम्या पिंपात पाणी भरलंस, तेव्हा बाबांनी ते भर किनाऱ्यावर कुऱ्हाडीने फोडलं होतं. विसरलास?

आता ऐक काय झालं ते. हंड्यातलं चांगलं पाणी आईने शेजारच्या चिमीकाकूला आणि मला दिलं, आणि स्वतः गुपचूप तुझ्या पिंपातलं प्यायली. लेकाने धाडलेल्या पिंपातलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून. उलट्या थांबेनात, तोंड आतून सोललं. पालघरला नेऊन सलाईन लावली. आता बरी आहे, पण अजून भातात आमटी घेत नाही, तोंड झोंबतं म्हणते. मला तुझा भयंकर राग आलाय.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीमुळे बोट वर ओढलेली आहे, तिच्यावरचे पाण्याचे पांढरे कॅन बाबांनी घरी आणले. घासून, उकळत्या पाण्याने विसळून, नळ आल्यावर भरले. घट्ट झाकण, खाली तोटी, म्हणजे कुणी आत पेला बुडवायला नको. वर तारीख लिहिली आणि सावलीत ठेवले. दर सहा महिन्यांनी ओतून नव्याने भरायचे, असा हुकूम आहे. पाणी साठवायचं ते असं.

पण पिंप तिथेच आहे. मी ते परसात उपडं केलं, नळ आल्यावर आईने पुन्हा भरलं. "नव्या प्लास्टिकाला वास येतोच," म्हणते. "माझा पोर मला वंगाळ कशाला धाडंल?" मी पुन्हा उपडं केलं, तिने पुन्हा भरलं. बाबांना म्हटलं, तुम्ही तरी फोडून टाका. कुऱ्हाड हातात घेऊन ओटीपर्यंत गेले आणि परत आले. "मी नाय फोडायचा. ज्यानं धाडला त्यानं न्यावा."

बोटीवर येणार नाही म्हणून बाबांशी भांडून गेलास, तेव्हापासून या घरात मिक्सर आला, पंखा आला, पिंप आलं. तू आला नाहीस. बोईसर काय सातासमुद्रापार आहे? आईसाठी ते पिंप नाहीच रे, ओटीवर बसवलेला तू आहेस. माझं ती ऐकणार नाही, बाबांचं तर नाहीच. उद्या मी दातिवऱ्याला गेले की ती ते पुन्हा भरेल आणि पुन्हा पिईल. म्हणून हे पत्र. पिंप न्यायला ये. स्वतः ये. टेम्पो पाठवलास तर रिकामाच परत धाडीन.

तुझीच, पण रागावलेली,
हेमालीताई