सगळ्यांचे तीनच

बोईसर, शुक्रवार संध्याकाळ

पाचपैकी स्वतःला किती गुण द्याल? कामाचं मूल्यमापन करायची ही नवी पद्धत मीच बसवली, पगारवाढही त्यावरच ठरणार. आणि आज पॅकिंगच्या सगळ्या बायकांनी स्वतःला तीन दिले. सगळ्यांनी तीन! जिचा एकही खोका कधी परत येत नाही त्या वनितानं तीन, आणि जिचे खोके सगळ्यात कमी त्या सुलभानंही तीनच.

वैतागून विचारलं, तर वनिता म्हणाली, "आपल्या तोंडानं आपलं कवतिक कसं करायचं, म्याडम? बरं नाय दिसत."

हे मला कसं सुचलं नाही? मीही इथलीच ना, शिरगावची!

मग म्हटलं, बरं, शेजारणीबद्दल सांगा. झालं! जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी बोलायचं थांबेना. तेव्हा कळलं, टेप मारायचं मशीन अडलं की सगळ्यांचं सुलभाच सोडवून देते. म्हणून तिचे खोके कमी. आता पद्धतच बदलते.

निघताना सुलभानं विचारलं, "तुमी सवताला किती दिले?"

"तीन."

सगळ्या खो खो हसल्या. "मग तुमच्याबद्दल आमाला इचारा ना!"

सोमवारी विचारणार आहे. सुलभाला सगळ्यात शेवटी; माझं कुठे अडतंय, ते तीच सोडवून देईल.