अंशतः खरे आहे

हिंगोली, गुरुवार, दिवेलागणीला

दुपारपासून "अंशतः" हा एकच शब्द डोक्यातून जात नाही.

सकाळी किती खुशीत निघालो होतो! दलित वस्तीतली अंत्ययात्रा स्मशानाच्या वाटेवर अडवली, हे खरे आहे काय, असा प्रश्न मी अधिवेशनात विचारला होता. आमदारकीच्या इतक्या वर्षांत अशा प्रश्नांना सरकारचं ठरलेलं उत्तर, "हे खरे नाही." या वेळी पहिल्यांदाच छापून आलं, "हे अंशतः खरे आहे." माझ्या लेखी केवढी मोठी गोष्ट! गयाबाईला स्वतः सांगावं म्हणून थेट हट्टा गावाकडच्या तिच्या वस्तीवर गेलो. अडवलेली तिरडी तिच्याच नवऱ्याची होती.

मी उत्तर वाचून दाखवलं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "अंशतः म्हंजी काय, साहेब?"

"म्हणजे थोडं खरं आहे, माय."

"कोन्तं थोडं? मंग बाकीचं खोटं व्हय?"

हे मंत्र्यांना मीच विचारायला हवं होतं. पण अंशतः म्हटल्याबरोबर बाकं वाजली आणि मी समाधानानं खाली बसलो. नागरी हक्कांचा आमदार म्हणे!

"सरकारनं एवढं तरी कबूल केलं," असं काहीतरी पुटपुटलो.

ती शेताच्या बांधाकडे बघत राहिली. त्या दिवशी चिता शेवटी तिथंच रचावी लागली होती.

"आमी तर मालकाला पुरं जाळलं, साहेब," ती म्हणाली. "थोडं न्हाई."