दोन सेट मागे

शुक्रवार संध्याकाळ, अल खोर, कतार

घसा पार बसलाय. एवढी लांबलेली टेनिसची मॅच, त्यात आमचा आरडाओरडा. पण डोक्यात शिरीषभावजींचं एकच वाक्य घोळतंय.

आमचा लाडका खेळाडू दुखापतीतून परतलेला. मॅच बघायला आम्ही शेजारी शिरीषभावजींकडे जमलो होतो. पहिले दोन सेट हरला, तसे भावजी उठलेच. "खलास! ह्या वयात गुडघा साथ देत नाही." त्यांची बायको वैदेही चहा टाकायला गेली, आमचे हे मोबाइलमध्ये. टीव्हीसमोर मी एकटी, माझा ऑपरेशन झालेला गुडघा चोळत. ह्या वयात म्हणजे काय?

मग त्यानं तिसरा सेट घेतला, चौथाही. सगळे परत गोळा. तो जिंकला तेव्हा भावजीच सोफ्यावर उभे राहून ओरडले, "मी म्हटलंच होतं!" सगळे हसले. मला मात्र रडू आलं. का, कुणास ठाऊक.

घरी येताना ह्यांना सांगितलं, "फुटबॉल वर्ल्ड कपला इथल्या स्टेडियमवर स्वयंसेवक म्हणून मी नाव देणार."

"अगं, तासन्‌तास उभं राहावं लागेल."

"माहितीये. उद्यापासून रोज चालायला जाणार. येताय?"

आत्ता हे कपाटात स्वतःचे बूट शोधतायत. सापडोत न सापडोत, मी सकाळी निघणार.