आधी अनुमान, मग बाटली

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार. आईलाही, पण तिला हे पत्र अर्धंच वाचून दाखवा.

मी ठणठणीत आहे. वसतिगृहातल्या खोलीला आता पंखा मिळाला. तुमचा गुडघा काय म्हणतो?

बाबा, तुम्ही वर्गात ‘अनुमान’ शब्द फोडून सांगायचात. अनु म्हणजे मागून, मान म्हणजे जाणणं. आधी ओलं पायपुसणं बघायचं, मगच म्हणायचं की कुणीतरी न्हाऊन गेलंय.

इथे प्रयोगशाळेत उलटी गंगा वाहते. काल एका टाकीच्या पाण्याची सीलबंद बाटली माझ्या टेबलावर आली. सोबत अहवालही आला, टाइप करून तयार: ‘अनुमान: पाणी पिण्यास योग्य.’ झाकण उघडलं तर मेलेल्या उंदराचा वास! मला ओकारीच आली. साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, “सही करा, तपासणी काय, होत राहील.” खरं सांगते, पाण्यापेक्षा त्या रुमालाची किळस जास्त आली.

मी सही केली नाही. ‘नीट विचार करून सोमवारी या,’ म्हणाले. काळजी करू नका, सोमवारला अजून चार दिवस आहेत.

आईने विचारलंच तर सांगा, मी पाणी उकळून पिते. कालपासून, हे सांगू नका. ती टाकी आमच्याच वसतिगृहाची आहे, आणि मागच्या महिन्यात बाटली न उघडता तिच्या अहवालावर सही करणारी मीच.

तुमच्याच वर्गात शिकलेली,
धाकटी