विम्यात माझं नाव

३ मार्च, सकाळी ७.१०
मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने फरश्या बसवणं बंद, म्हणजे त्यांची व्हॅन तीन महिने दारात उभी. इकडे नाक्यावरच्या गादीवाल्याला गाद्या घरपोच करायला गाडीसकट माणूस हवाय. मी बावीस वर्षांचा, धडधाकट, लायसन्स चौदा महिन्यांचं. योग जुळून येतो तो असा. मामांनी चावी दिली आणि एकच अट घातली: आधी विम्यात तुझं नाव घाल, धंद्यासाठी चालवणार हे स्पष्ट सांग, मगच स्टिअरिंगला हात लाव. आज पहिलं काम तेच.

दुपारी १२.४०
विमा कंपनीला फोन. होल्डवर पंचवीस मिनिटं पियानो ऐकला. मग एक बाई आली, जरा थांबा म्हणाली, परत पियानो. शेवटी फोन ठेवला. चूक कोणाची ते उघड आहे.

४ मार्च
फॉर्म ऑनलाइन भरला. वय बावीस, काम डिलिव्हरी. हप्त्याचा आकडा बघून उठलो आणि पाणी प्यायलो. एवढ्या पैशांत दुसरी व्हॅन येईल! तरुणांवर यांचा मुळी विश्वासच नाही.
दुसऱ्यांदा भरला, काम: विद्यार्थी. आकडा किंचित उतरला. पाचव्यांदा माळी. (माझ्या खिडकीत एक कुंडी आहे.) सातव्यांदा बेकार, तर आकडा परत चढला. बेकार माणूस गाडी घेऊन जाणार कुठे, एवढं तरी यांना कळायला हवं. अकराव्यांदा मुख्य चालक मामा, मी ‘अधूनमधून’, वापर ‘घरगुती’. आकडा माणसात आला. सबमिट.
यात खोटं काहीच नाही. दिवसाचे तास चोवीस, मी चालवणार नऊ. अधूनमधूनच झालं. आणि गाद्या शेवटी घरातच जातात.
संध्याकाळी मामांनी विचारलं, नाव घातलंस ना. घातलं म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि बातम्या लावल्या. धंद्याचं तेवढं सोमवारी फोन करून सांगून टाकायचं.

९ मार्च
सोमवार फार धावपळीत गेला.
व्हॅनच्या दोन्ही बाजूंना स्टिकर लावून घेतला. ‘गाढ झोप, थेट घरपोच’, खाली माझा नंबर. लांबून वाचता येतो. मामी बघून हसली. मामी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते, अर्धा दिवस, आणि तीस वर्षं गाडी चालवते. पण छोटी गाडी. व्हॅन वेगळी गोष्ट आहे.

१३ मार्च
मामीला कामावर सोडलं. वाटेत चार वेळा म्हणाली, डावा आरसा बघ. समजावलं की सराव झाला की आरसा लागत नाही, अंदाज येतो. ती स्वतःच मान वळवून डावीकडे बघत राहिली. पटलं असावं.
फोन उद्या. नक्की.

१९ मार्च, दुपारी ३.२०
किरकोळ घटना. दुकानामागे रिव्हर्स घेताना मागे गाडी निघाली. गादीवाल्याची, स्वतःची, नवी. तिचा दरवाजा आत गेला. व्हॅनमध्ये नऊ गाद्या होत्या, पण एकही मधे आली नाही.
गादीवाला पाच मिनिटं अखंड बोलला. मी शांत. विमा असतो कशाला?

२० मार्च
मामांना सांगितलं. ते कुबड्या घेऊन उठले आणि कपाटातून एक फाइल काढली. एकही क्लेम न केल्याबद्दल कंपनी दरवर्षी आभाराचं पत्र पाठवते, ती सव्वीस पत्रं. सगळी ओळीने लावलेली. मला आजवर माहीत नव्हतं. म्हणाले, यंदाचं येणार नाही, पण असू दे, माणसाला लागलं नाही ना. मग विचारलं, विम्यात नाव आहे ना तुझं? आहे म्हटलं.
जेवण गेलं नाही. उन्हाळा सुरू झालाय, त्यामुळे असेल.

२४ मार्च, सकाळी ११
कंपनीच्या बाई पाहणीला आल्या. आधी दोन्ही बाजूंच्या स्टिकरचे फोटो काढले, धडक मागे असून. मग विचारलं, वापर घरगुती ना? हो म्हटलं. घरात माणसं किती? तीन म्हटलं. त्या व्हॅनमधल्या गाद्या मोजत होत्या.
मग टॅबलेट काढून वाचायला लागल्या. मला वाटलं होतं, शेवटचा फॉर्म तेवढाच राहतो, आधीचे पुसले जातात. अकराही फॉर्म त्यांच्याकडे होते, वेळेसकट. चार वाजून दोन मिनिटांनी विद्यार्थी. सव्वाचारला माळी. साडेचारला बेकार. आवाज खणखणीत. दारात मामा कुबड्यांवर उभे होते. मी सांगायला गेलो की कुंडी खरंच आहे. मामा म्हणाले, गप्प बस.

३० मार्च
पत्र आलं. क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द, खोटी माहिती दिल्यामुळे. वर नाव मामांचं. आता ते कुठल्याही कंपनीकडे गेले की पहिला प्रश्न तोच असणार, पूर्वी रद्द झालीय का? आणि त्यांना हो म्हणावं लागणार.
मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्राला पंच केलं आणि फाइलमध्ये लावलं, सत्ताविसावं. मला लाज वाटली. कारणं दोन-तीन सुचली होती, ती इथे लिहीत नाही.

८ एप्रिल
हेअर ड्रायरने स्टिकर काढला. नंबर निघाला, ‘झोप’ निघता निघत नाही.

१५ एप्रिल, दुपारी १.३०
नव्या कंपनीने एका अटीवर विमा दिला: पंचवीस पूर्ण होईपर्यंत मी चालवायचं नाही. मुख्य चालक मामी, वापर धंद्याचा. फॉर्म तिने एकदाच भरला. पियानोही पूर्ण ऐकला. गादीवाल्याच्या दरवाजाचा खर्च फिटेपर्यंत दुपारच्या सगळ्या फेऱ्या आमच्याकडे, फुकट. ती चालवते, मी गाद्या उचलतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत. वळणावर मी डावा आरसा बघतो, तिने न सांगता.
पंचविशी पूर्ण झाली की कंपनीला फोन करायचा. सकाळी, पहिलं काम.
पहिल्या दिवशी निघताना मामीने चावी मागितली. मामा म्हणाले, आधी विम्याचा कागद दाखव. बायकोला! तिने दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, उलटून मागचाही वाचला, आणि मग चावी दिली.
माझ्या वेळी त्यांनी कागद मागितला नव्हता.