अडकित्त्याने छाटलेली वेल

नाना, आज सकाळी मी मनीप्लांट छाटला. निम्म्याहून जास्त. तुम्ही असतात तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसला असतात, आणि ते उलटं धरलंय हे आईने तुम्हाला सांगितलं असतं. ती आता इथेच असते, जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या घरी, आणि अजूनही सगळ्यांना सगळं सांगते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मी स्टुलावर चढते, वेलीचं पेर बोटाने चाचपते आणि त्याच्या जरा वर हत्यार लावते. हत्यार म्हणजे अडकित्ता. घरात चांगली कात्री आहे, पण या वेलीला अडकित्ताच लागू पडतो असा माझा अनुभव आहे. शास्त्राधार विचारू नका, तुमच्याही बऱ्याच गोष्टींना नव्हता.

धुळ्यातल्या देवपूरची आपली बैठकीची खोली मला अजून दिसते. खिडकीतल्या बाटलीतून निघालेली वेल दारावर चढते, घड्याळाला वळसा घालते, आजोबांच्या तसबिरीवर हार होऊन पडते आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवरून पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत येते. तुम्ही खिळे ठोकत गेलात, दोरा बांधत गेलात, ती सरकत गेली. मनीप्लांट लावला की घरात पैसा येतो म्हणतात. आपल्याकडे वेलच एवढी आली की दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. तिला पानं होती ती फक्त शेंड्याला, मागे सगळी नुसती काडी, पण हे बोलायची सोय नव्हती. बाकीच्या मुली शाळेत ‘माला’ शब्द चालवायला शिकल्या, मला तुम्ही वेलीखाली उभं करून ‘लता’ चालवायला लावलात. चुना द्यायला येणारा माणूससुद्धा वेलीच्या कडेकडेने चुना देऊन जायचा. आई चिडली की अहिराणीवर यायची, ‘बठ्ठं घर येलनं शे, आपण भाडेकरू,’ म्हणजे सगळं घर वेलीचं. तिने कात्रीचं नाव काढलं की तुम्ही एक सुभाषित फेकायचात. तिला संस्कृत येत नसे, त्यामुळे ते प्रसंगाला मुळीच लागू नाही हे फक्त मला कळायचं, आणि मी गप्प राहायची. पुढे मी इथे शाळेत संस्कृत शिकवायला लागले तेव्हा वर्गावर हा उपाय करून पाहिला. चालतो.

फैजपूरची मंडळी मला बघायला आली तो दिवस आठवतो का? मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील, म्हणजे आबा. तेव्हा ते माझे सासरे नव्हते, फैजपूरचे एक केळीवाले होते, आणि तुम्ही त्यांना नेमकं वेलीच्या शेंड्याखालच्या खुर्चीत बसवलंत. मानाची जागा म्हणून. पोहे झाले, चहा झाला, पानाचं तबक फिरलं. आबांनी बंडीच्या खिशातून आपला अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला लागले. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, लग्नानंतर कळलं: केळीच्या बागेत फिरणाऱ्याचा हात रिकामा नसतो. बुडाशी जास्तीचं पील फुटलेलं दिसलं की काप, वाळकं पान दिसलं की ओढ, आणि तोंड दुसऱ्याच विषयावर चालू. त्या दिवशी तोंड एस.टी.वर चालू होतं. ‘पारोळ्याले तं उभं राहाले जागा नई, मास्तर,’ आबा म्हणाले, कानाशी लोंबणारा शेंडा डाव्या हाताने धरला, आणि कट्.

आपण काय केलं हे त्यांना कळलंच नव्हतं, नाना. हातात आलेल्या तुकड्याकडे त्यांनी बघितलं, मग मागच्या बोडक्या काडीकडे, आणि माणूस उठलाच. भिंतीभिंतीने काडी चाचपत निघाले, पेर सापडलं की त्याच्या वर कट्, पुढचं पेर, कट्. ‘ह्या येलाले कधी हातच नई लावला का तुम्ही? बुडाले बोडका, शेंड्याले पानं. आमची केयीची बाग अशी ठेवली तं लोक हासतीन.’ तुकडे त्यांनी पाण्याच्या तांब्यात खोचून ठेवले. तसबिरीतले आजोबा पहिल्यांदाच मला पूर्ण दिसले, त्यांना मिशा होत्या. मुलाची मान खाली गेली होती, ती वर न करता तो माझ्या बाजूला हळूच म्हणाला, ‘आमच्याकडे आबांना कुंड्यांजवळ बसवत नाहीत.’ माझा होकार तिथेच झाला.

तुमचा मात्र अडकला. हातातला विडा तुम्ही तबकात परत ठेवलात आणि वर्गातल्या आवाजात विचारलंत, ‘ही पुन्हा फुटेल?’

‘दर पेराले फुटीन,’ आबा हसत म्हणाले. ‘नई फुटला तं पोरगी नका देऊ.’

‘ठरलं,’ तुम्ही म्हणालात. हसले फक्त आबा.

आईला वाटलं, रात्र गेली की राग जाईल. पण तुम्ही शब्दाचे पक्के, विशेषतः दुसऱ्याने दिलेल्या. रोज सकाळी चष्मा पुसून तुम्ही भिंतीपाशी उभे. वेल जिथून गेली होती तिथे चुन्यावर मुळांच्या तपकिरी रेघा उरल्या होत्या, त्या सोडून घड्याळापर्यंत उरलेल्या काडीवरून बोट फिरवत एकेक पेर तपासायचं, आणि मान हलवून शाळेला निघायचं. ‘अंडी उबवताय का?’ आई विचारायची. तांब्यातल्या तुकड्यांना पांढरी मुळं आली तेव्हा ती तांब्याच घेऊन तुमच्यापुढे आली. तुम्ही म्हणालात, ‘ही मुळं झाली. बोलणं फुटण्याचं झालं होतं.’ मग फैजपूरहून कुणाकडून तरी निरोप आला, की जमत नसेल तर तसं सांगा, मुलाला दुसरी स्थळं सांगून येताहेत. त्या दिवशी आई तुमच्याशी बोलली नाही, आणि मी वेलीला पाणी घातलं. आदल्या दिवशी घातलेलं असूनही घातलं.

अशात एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारावरचं कॅलेंडर बैठकीत घड्याळाखाली आलं. ‘इथे उजेड बरा आहे,’ तुम्ही म्हणालात. दुधाचा खाडा मांडायला आता पिठाच्या हाताने बाहेर यावं लागतं म्हणून आई कुरकुरली. त्याच दिवसापासून तुम्ही भिंत बघणं सोडलंत. संध्याकाळी मला समोर बसवून जुनी पुस्तकं काढायला लागलात, माझी एम.ए.ला होऊन गेलेलीच. समास सोडवता सोडवता चहा व्हायचा, चहा झाला की पुन्हा तेच पान.

महिना उलटला आणि आई कॅलेंडरचं पान उलटायला गेली. खिळा कच्चा ठोकलेला, कॅलेंडर तिच्या हातातच आलं. मागे, पेरापाशी, चांगली बोटभर फूट, अंधारात वाढल्यामुळे पिवळट, टोकाला एक पान गुंडाळलेलं.

‘अहो, हे आज फुटलेलं नाही.’

‘नसेल,’ तुम्ही म्हणालात. ‘माझ्या नजरेतून सुटलं.’ शेवटच्या बाकावरच्या वहीतला सुटलेला अनुस्वार तुम्हाला फळ्यापासून दिसायचा, नाना. आईने तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, कॅलेंडर खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाली, ‘फैजपूरला कळवा. आत्ता.’

पाठवणीला तुम्ही माझ्या हातात बाटली दिलीत, तांब्यातल्या तुकड्यांपैकी एक, मुळासकट. नवी नवरी धुळ्यापासून एस.टी.त ती मांडीत धरून बसली, आणि पारोळ्याला खरंच उभं राहायला जागा नव्हती. आज छाटली ती तीच. लग्नाच्या पुढल्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे फैजपूरला राहायला आलात तेव्हा आबा तुम्हाला बागेत घेऊन गेले. संध्याकाळी परतलात तो तुमच्या हातात विळा. केळीची पिलं कापलीत म्हणे, आणि दोन नको ती कापलीत. आबांनी तुम्हाला ते सांगितलं नाही, मला सांगितलं. आता ते थकलेत, दातही नाहीत, म्हणून अडकित्ता माझ्याकडे आला.

आई आत्ताच विचारून गेली, कुणाला लिहितेस. कुणाला नाही, म्हटलं. देवपूरच्या पत्त्यावर टाकलं तर नवे भाडेकरू वाचतील, आणि घरात ठेवलं तर आई. आईने वाचलं तर जास्त वाईट, कारण त्या घरात लबाड माणूस एकच होता असं ती अजून धरून चालली आहे. कॅलेंडर बैठकीत आलं त्याच दुपारी, तुम्ही शाळेत असताना, मी ते उचलून बघितलं होतं. नखाएवढी हिरवी फूट होती. मला फैजपूरच्या त्या मुलाशीच लग्न करायचं होतं, त्यात काडीइतकी शंका नव्हती. मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, जरा सरळ केलं, आणि तुमच्या यायच्या वेळी चहा टाकला.